आठ वर्षांचा उशीर: सँ-दनीच्या ऑर्गनचं प्रकरण

पॅरिसजवळच्या सँ-दनी चर्चचा ऑर्गन बांधायचं काम काव्हाये-कोल कुटुंबाला मिळालं २ ऑक्टोबर १८३३ला. ऑर्गन पहिल्यांदा जाहीरपणे वाजला २१ सप्टेंबर १८४१ला. मधे आठ वर्षं, त्यातही अकरा दिवस कमी. कुठल्याही ठेकेदाराच्या वहीत असं काम 'बुडालं' या सदरात गेलं असतं. या प्रकरणात मात्र उशिरानेच काम तारलं, असं माझं मत आहे, आणि ते मत कशावर उभं आहे हे सांगण्यासाठीच हा सगळा पसारा मांडतोय.

आधी एक घोळ निस्तरतो. आपल्याकडे 'ऑर्गन' म्हटलं की संगीत नाटक आठवतं. रंगमंचासमोर बसून पायाने भाता मारत वाजवायचं ते वाद्य, म्हणजे पायपेटीचा थोरला भाऊ. त्यात आवाज येतो पितळी पत्तीतून. चर्चमधला ऑर्गन हे वेगळंच प्रकरण आहे. तिथे नळ्या असतात, बासरीसारख्या किंवा सनईसारख्या, आणि त्या हजारोंनी असतात. सर्वांत लांब नळ्या ३२ फुटांच्या, म्हणजे तीन मजली घराएवढ्या. सारख्या जातीच्या नळ्यांची एक रांग म्हणजे एक 'स्टॉप'. वादकाने त्या रांगेचा दांडा बाहेर ओढला की ती रांग बोलायला मोकळी होते. मुंबईत फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमधे असा नळ्यांचा ऑर्गन आहे, आकाराने बेताचा. सँ-दनीचा त्याच्या कितीतरी पट.

तुलूजचं घर

आरिस्तीद काव्हाये-कोल जन्मला ४ फेब्रुवारी १८११ला, दक्षिण फ्रान्समधल्या मोंपेलिए गावी. ऑर्गन बांधणं हा घरचाच धंदा. आजोबा जाँ-पिएर काव्हाये यांनी बार्सिलोनाच्या कोल घराण्यातली मुलगी केली आणि दोन्ही आडनावं एकत्र चालू लागली. वडील दोमिनिक ऑर्गन बांधणारे, थोरला भाऊ व्हँसाँ त्याच कामात. पिरेनीजच्या अलीकडे आणि पलीकडे, फ्रान्स आणि स्पेन दोन्हीकडे या कुटुंबाची कामं चालायची. अठरा वर्षांच्या आरिस्तीदला वडिलांनी स्पेनमधल्या लेरिदाच्या कॅथेड्रलच्या कामावर धाडलं होतं. सुताराचा मुलगा रंध्याशी खेळत मोठा होतो, तसा हा नळ्यांमधे वाढला. फरक इतकाच, की याला गणिताचीही गोडी होती. नळीची लांबी किती ठेवली म्हणजे कुठला सूर लागेल, हे घरच्या जुन्या मापांवर सोडून द्यायला तो तयार नव्हता.

तुलूजला असताना बापलेकांनी एक छोटं वाद्य बनवलं, नाव पोइकिलॉर्ग. त्यात नळ्या नव्हत्या, पितळी पत्त्या होत्या, आणि हवेचा जोर कमीजास्त करून आवाज लहानमोठा करता यायचा. आपण ज्याला पेटी म्हणतो तिच्या खूप जवळचं. (पेटी पॅरिसमधे 'हार्मोनियम' या नावाने पेटंट झाली ती त्यानंतर, १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला, दबँ नावाच्या दुसऱ्याच माणसाकडून. पण पत्तीचे प्रयोग त्या काळात फ्रान्सभर चालले होते, आणि आपल्या पेटीचं कूळ त्याच घोळक्यातलं.) १८३२ साली तुलूजच्या थिएटरात मेयरबेअरच्या एका ऑपेराचे प्रयोग लागले होते. त्या ऑपेराच्या शेवटच्या अंकात चर्चच्या ऑर्गनचा आवाज लागतो, आणि थिएटरात ऑर्गन कुठून आणायचा? पोइकिलॉर्ग कामाला आलं. ते ऐकून रॉसिनीने, म्हणजे त्या वेळच्या युरोपातल्या सर्वांत नावाजलेल्या संगीतकाराने, या पोराला सांगितलं, तू पॅरिसला ये.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर १८३३मधे, शिफारसपत्रांची चळत घेऊन तो पॅरिसला पोचला. वय बावीस. कामाच्या शोधात आला होता असंही म्हणता येणार नाही, ओळखी काढायला आला होता.

दोन-तीन दिवसांचं टिपण

ओळखी काढता काढता तो संगीतकार बेर्तों यांच्याकडे गेला. बेर्तोंनी सहज बोलताना सांगितलं, की सँ-दनीसाठी नवा ऑर्गन करायचाय, सरकारने प्रस्ताव मागवलेत आणि मुदत संपतच आलीय. तूही एक घाल.

सँ-दनी म्हणजे साधंसुधं चर्च नव्हे. पॅरिसच्या उत्तरेची ही बासिलिका, बाराव्या शतकात मठाधिपती स्युजेरने बांधायला घेतलेली. फ्रान्सचे राजे शतकानुशतकं तिथेच पुरले गेले. क्रांतीच्या काळात, १७९३ला, लोकांनी ती थडगी उकरली आणि छपराचं शिसं गोळ्यांसाठी उतरवलं. नंतर नेपोलियनने डागडुजी सुरू केली ती चालूच होती. अशा ठिकाणचा ऑर्गन म्हणजे देशाच्या प्रतिष्ठेचं काम. स्पर्धेत एरार होते, ज्यांचे पियानो राजघराण्यांत वाजत. इंग्लंडहून येऊन फ्रान्समधे बस्तान बसवलेले ॲबी होते. कालिने आणि दालरी ही ऑर्गनवाल्यांची नामांकित घराणी होती. आणि या सगळ्यांत तुलूजहून आलेला हा मुलगा.

त्याने हॉटेलच्या खोलीत दोन-तीन दिवसांत नकाशा, स्टॉपची यादी, रचनेचं वर्णन असं सगळं लिहून काढलं. यादीत ८४ स्टॉप. प्रस्ताव गेला, समितीसमोर त्याने तो तोंडी समजावूनही दिला, आणि काम काव्हाये-कोल पिता-पुत्रांच्या नावे मंजूर झालं. तुलूजच्या वडिलांना हे पत्राने कळलं असणार. पत्र वाचून त्यांना आनंद झाला की घाम फुटला, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. आख्ख्या कुटुंबाने बिऱ्हाड उचललं आणि पॅरिस गाठलं.

प्रकरण म्हणून पाहताना पहिला प्रश्न इथेच पडतो. समितीने हे काम त्याला का दिलं? मला वाटतं, बाकीच्यांनी 'आम्ही काय करत आलो' ते मांडलं असेल, आणि याने 'दुखतं कुठे' ते मांडलं. जुन्या फ्रेंच ऑर्गनचं एक दुखणं सगळ्यांना माहीत होतं. खालच्या सप्तकातले सनईजातीचे सूर दणदणीत, पण वर जावं तसा आवाज बारीक होत होत मरायचा. आख्ख्या ऑर्गनला एकाच दाबाची हवा. तो दाब खर्जाच्या भल्याथोरल्या नळ्यांना पुरतो, तारसप्तकातल्या चिमुकल्या नळ्यांना पुरत नाही. तरुण काव्हाये-कोलचं म्हणणं असं, की मग दाब एकच का ठेवायचा? खाली कमी, मधे जास्त, वर त्याहून जास्त, असे वेगवेगळे भाते आणि वेगवेगळ्या हवापेट्या ठेवा. ऐकायला सोपं वाटतं. गाणाऱ्यालाही तारसप्तकात चढताना श्वासाचा जोर वाढवावाच लागतो. हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं.

पण दाब वाढवला की दुसरीकडे काय होतं, त्याचं उत्तर त्या टिपणात नव्हतं. ते त्या वेळी फ्रान्समधे कुणाकडेच नव्हतं.

पट्टी किती जड?

इथे जरा थांबतो, कारण सगळं प्रकरण या एका गोष्टीवर फिरतं.

माझ्या घरी कपलरची एक जुनी पेटी आहे. कपलर लावला की एक पट्टी दाबल्यावर वरच्या सप्तकातली तिची जोडीदारही खाली जाते. कानाला भरदार वाटतं, पण बोटाला लगेच कळतं, एका पट्टीच्या स्प्रिंगऐवजी दोन पट्ट्यांच्या स्प्रिंगा दाबाव्या लागतात. तान घेताना करंगळी कुरकुर करते. तरी पेटीत एक सोय आहे. भात्याची हवा पट्टीखालच्या गादीला खालून वर ढकलत असते, म्हणजे पट्टी उघडायला हवा मदतच करते. म्हणूनच स्प्रिंग ढिली झालेल्या पेटीत भाता जोरात मारला की एखादा सूर न दाबताच रेंगाळायला लागतो. पेटीवाल्यांना हे नवीन नाही.

नळ्यांच्या ऑर्गनमधे नेमकं उलटं असतं. झडप हवेने भरलेल्या पेटीच्या आत असते आणि दाब तिला बंद ठेवतो. बोटाने पट्टी दाबली की लांबच लांब पातळ लाकडी पट्ट्या, दांडे आणि कोपरे यांच्या साखळीतून ती झडप दाबाविरुद्ध ओढून उघडावी लागते. ढोबळ हिशेब करतो, आकडे केवळ समजण्यापुरते. झडप ४० चौरस सेंटिमीटरची आणि हवेचा दाब पाण्याच्या १०० मिलिमीटर उंचीएवढा धरला, तर दर चौरस सेंटिमीटरवर १० ग्रॅम बसतात, म्हणजे झडपेवर ४०० ग्रॅम. शिवाय स्प्रिंग आणि घर्षण वेगळं. पियानोची पट्टी ५० ग्रॅमच्या आसपास खाली जाते. आता दाब दीडपट करा, झडप मोठी करा, वर कपलर लावून तीन पट्ट्यापट, म्हणजे पट्ट्यांच्या एकावर एक असलेल्या तीन ओळी, एकत्र जोडा. एकेका बोटाला किलो-दीड किलो ओढायला लागेल, आणि तेही एका मात्रेत चार-चार सुरांच्या धावत्या लयीत.

हे काही नुसतं कागदावरचं भय नव्हतं. इंग्लंडमधे यॉर्कच्या मोठ्या चर्चला १८२९ला आग लागली, तिथे नवा ऑर्गन झाला तो अवाढव्य, आणि त्याच्या पट्ट्या इतक्या जड की वाजवणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यायचा. जुन्या पद्धतीने ऑर्गन मोठा करत नेला की एका हद्दीनंतर तो फक्त बघायचा राहतो.

म्हणजे बावीस वर्षांच्या काव्हाये-कोलने ८४ स्टॉप, वाढीव दाब, शिवाय जोडण्या, असं जे लिहून दिलं होतं, ते लिहिल्याप्रमाणे बांधलं असतं तर वाजवायला पैलवान आणावा लागला असता. त्याला हे कळत नसेल असं मला वाटत नाही. घरात ऑर्गनच ऑर्गन पाहिलेला माणूस तो. पण स्पर्धेच्या टिपणात आपला कच्चा दुवा कोण लिहितो?

वास्तुविशारद, वीज आणि वाट पाहणं

काम लगेच सुरू झालं असतं तर करार आणि वास्तव यांची गाठ १८३५-३६च्या सुमारास पडली असती. ती पडली नाही, कारण चर्चच तयार नव्हतं.

सँ-दनीची डागडुजी वास्तुविशारद फ्राँस्वा दब्रे यांच्या हाती होती. ऑर्गनची लाकडी चौकट, म्हणजे समोरून दिसणारा सगळा देखावा, तोही त्यांचाच. दगडकाम संपल्याशिवाय ऑर्गन उभा करता येत नाही. धूळ ही नळ्यांची पहिली वैरी, नळीच्या ओठात बारीकसा कण अडकला तरी सूर बिघडतो. त्यात १८३७ला उत्तरेच्या बुरुजाच्या निमुळत्या शिखरावर वीज पडली आणि दब्रेंच्या मागे आणखी काम लागलं. (त्यांनी शिखर पुन्हा उभारलं ते जास्त जड झालं, बुरुजाला तडे गेले, आणि १८४६च्या सुमारास ते सगळं उतरवावं लागलं. तेव्हापासून सँ-दनीला एकच बुरूज. दुसरा परत उभारायचं काम अगदी अलीकडे हाती घेतलंय. दब्रेंच्या वाट्याला त्यातून नाचक्कीच आली. पण ऑर्गनवाल्यांनी त्यांचा फोटो भिंतीवर लावायला हरकत नाही.)

काव्हाये-कोल मंडळी या काळात हात बांधून बसली नव्हती. पॅरिसमधेच नोत्र-दाम-द-लोरेत या नव्या चर्चचं काम त्यांना मिळालं. तो ऑर्गन १८३८ला वाजला आणि पॅरिसने त्यांचं पहिलं काम ऐकलं ते तिथे. आकाराने तो पुष्कळ लहान, त्यामुळे दाबाच्या नव्या कल्पना झेपतील एवढ्याच प्रमाणात वापरून बघता आल्या. कर्ज, मजुरी, लाकडाचा साठा यांचं ओझं होतंच. मोठं काम हातात आहे पण पुढे सरकत नाही, ही अवस्था कुठल्याही कारखानदाराला विचारा.

सँ-दनीची यादीही त्या काळात आटली. ८४ स्टॉपचे शेवटी ७०च्या आसपास राहिले. ही माघार होती खरी, पण माझ्या मते शहाणपणाची. कागदावर फुगवलेली यादी आणि चर्चच्या दारात मावणारा ऑर्गन, यांत अंतर राहणारच.

इंग्लंडने नाकारलेला माणूस

आता दुसरा माणूस. चार्ल्स स्पॅकमन बार्कर, इंग्लंडमधल्या बाथ गावचा, काव्हाये-कोलहून पाच-सात वर्षांनी मोठा. त्याला आधी औषधांच्या धंद्यात घालायचं चाललं होतं, पण तो ऑर्गनच्या नादी लागला. यॉर्कच्या त्या जड पट्ट्यांची गोष्ट ऐकून त्याने एक युक्ती काढली आणि ती यॉर्कवाल्यांना देऊ केली. त्यांनी घेतली नाही. इंग्लंडमधे इतरत्रही कुणी हात लावला नाही. स्कॉटलंडमधे एडिंबरोच्या हॅमिल्टन नावाच्या कारागिराला साधारण त्याच काळात तशीच कल्पना सुचली होती, तेव्हा 'पहिला कोण' हा वाद आहेच. पण काम करून दाखवायला ऑर्गन हवा, आणि बार्करला ऑर्गन कुणी देईना.

१८३७ला तो फ्रान्सला आला आणि काव्हाये-कोलला भेटला. एकाच्या हातात एवढा मोठा करार, ज्याच्या पट्ट्या जड होणार हे ठरलेलं. दुसऱ्याच्या खिशात जड पट्टी हलकी करायची युक्ती, जिला गिऱ्हाईक नव्हतं. आणि चर्च अजून दब्रेंच्या ताब्यात. १८३९ला बार्करने फ्रान्समधे पेटंट घेतलं.

युक्ती काय होती ते बघा. पट्टी आणि मोठी झडप यांच्या मधे, प्रत्येक पट्टीमागे एक, असा छोटासा चामड्याचा भाता बसवायचा. पट्टी दाबली की बोटाने फक्त एक इवलीशी झडप उघडायची. ती दोन चौरस सेंटिमीटरची असेल तर वरच्याच हिशेबाने तिच्यावर फक्त २० ग्रॅम. त्या झडपेतून दाबाची हवा छोट्या भात्यात शिरते, भाता फुगतो, आणि फुगता फुगता मोठ्या झडपेकडे जाणारी साखळी ओढतो. भात्याचा पाट ३०० चौरस सेंटिमीटरचा असला तर तो तीन किलोच्या जोराने उचलणार. बोट सोडलं की इवलीशी झडप बंद होते, हवा बाहेर जायची दुसरी झडप उघडते, भाता चटकन मिटतो, सूर थांबतो.

ज्या हवेच्या दाबाने पट्टी जड केली, त्याच दाबाला राबवून पट्टी हलकी केली. दाब वाढवाल तसा झडपेवरचा भार वाढेल, पण छोट्या भात्याचं बळही त्याच प्रमाणात वाढेल. मला या यंत्रातलं सगळ्यांत आवडतं ते हेच. हवेचा भार कितीही वाढो, त्याची भरपाई हवाच करते. कपलर लावून दुसरे पट्ट्यापट जोडले तरी त्यांचा भार भाता उचलतो, बोटाला पत्ताच लागत नाही.

त्याच्यासमोर बसून बघितलं तर दिसतं ते असं: एकावर एक, तिरक्या ओळींत रचलेले पुस्तकाएवढे भाते, आणि वादक वाजवू लागला की त्यांची उघडझाप. पोळ्यावर माशा पंख हलवतात तसं काहीसं. आवाजही येतो, चामडं आणि लाकूड यांची हलकी खटखट, ऑर्गन शांत वाजत असेल तर जवळ उभ्या माणसाला ऐकू येणारी. खाली चर्चमधे बसलेल्याला काही कळत नाही.

हा काव्हाये-कोलचा शोध नव्हता, आणि त्याने तसं कधी म्हटल्याचं दिसत नाही. त्याचं कर्तृत्व दुसऱ्या जागी आहे. इंग्लंडमधे ज्या मोठ्या घराण्यांकडे बार्कर गेला, त्यांच्याकडे चालू पद्धतीची कामं भरपूर होती, त्यांना गरज भासली नाही. याला भासली. स्वतःच्याच करारात तो अडकला होता ना.

२१ सप्टेंबर १८४१

उद्घाटनाला पॅरिसकरांनी जे ऐकलं ते फ्रान्समधे त्याआधी ऐकू आलेलं नव्हतं. सनईजातीचे सूर खालपासून वरपर्यंत एका ताकदीने. सगळे पट्ट्यापट जोडून वाजवलं तरी वादकाची बोटं मोकळी. आणि एक नवी बासरी.

या बासरीबद्दल दोन शब्द. नेहमीची नळी हव्या त्या सुराच्या मापाची करतात. काव्हाये-कोलने नळी दुप्पट लांब केली आणि बरोबर मधोमध एक बारीक भोक पाडलं. जोरात फुंकलं की ती तिच्या मूळ सुराऐवजी एक सप्तक वरचा सूर देते, म्हणजे आपल्याला पाहिजे तोच. बासरीवाला त्याच बोटांवर फुंकर वाढवून वरच्या सप्तकात जातो, ते तत्त्व. मग दुप्पट लांबीचा खर्च कशाला? कारण अशा नळीचा आवाज भरीव आणि गोल येतो, चिरकत नाही. तिला हवा जास्त लागते, दाब जास्त लागतो. म्हणजे पुन्हा जड पट्टी, म्हणजे पुन्हा बार्करचा भाता. एक बसवलं म्हणून दुसरं शक्य झालं. १८३३च्या ऑर्गनमधे ही बासरी बसवली असती तरी त्या पट्ट्यांवर ती मोकळेपणाने वाजवता आली नसती.

काव्हाये-कोल यानंतर थांबला नाही. पॅरिसमधल्याच चर्चची कामं होत गेली: १८४६ला मादलेन, १८५९ला सेंत-क्लोतिल्द, जिथे संगीतकार सेझार फ्रांक आयुष्यभर वाजवत राहिला. १८६२ला सँ-स्युल्पिस, १०० स्टॉप आणि पाच पट्ट्यापट. १८६८ला खुद्द नोत्र-दाम. फ्रांक आणि व्हिदोर यांच्या पिढीने ऑर्गनवर जे ऑर्केस्ट्रासारखं, हळूहळू चढत जाणारं संगीत लिहिलं, ते या ऑर्गनना समोर ठेवूनच. त्यातलं पुष्कळसं जुन्या पट्ट्यांवर बोटांना झेपलंच नसतं.

उशीर नसता तर?

प्रकरण अभ्यासात हा प्रश्न टाळता येत नाही. दब्रेंनी १८३५ला चर्च रिकामं करून दिलं असतं तर? बार्कर तेव्हा इंग्लंडमधेच दारोदार फिरत होता. काव्हाये-कोलपुढे दोनच वाटा होत्या. एक, दाबाची कल्पना गुंडाळून ठेवून जुन्याच पद्धतीचा, फक्त मोठा, ऑर्गन बांधायचा; मग त्याच्यात आणि दालरीत फरक काय राहिला असता? दोन, लिहून दिल्याप्रमाणे बांधायचा आणि उद्घाटनाला वादकाने समितीकडे तक्रार घेऊन जायची. पहिल्याच मोठ्या कामात अशी फजिती झाली असती तर पुढची मादलेन आणि सँ-स्युल्पिस कुठली?

कुणी म्हणेल, एवढा हुशार माणूस, त्याने काहीतरी शोधलंच असतं. शक्य आहे. १८६०ला त्याने विज्ञान अकादमीपुढे नळ्यांच्या लांबीच्या हिशेबावर निबंध वाचला. नळी गणिताने येते त्याहून किती आखूड करावी लागते, याचं व्यवहाराला उपयोगी पडणारं सूत्र दिलं. १८६२ला फुको या शास्त्रज्ञाने फिरत्या आरशाने प्रकाशाचा वेग मोजला, सेकंदाला २,९८,००० किलोमीटर, तेव्हा आरसा एकसारख्या वेगाने फिरावा म्हणून अचूक दाबाची हवा पुरवणारा भाता याच कारखान्यातून गेला होता. हवेचा दाब ताब्यात ठेवणं यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण १८३५ला तो चोवीस वर्षांचा होता, आणि जड पट्टीवरचा उपाय त्याला सुचल्याचं कुठेच दिसत नाही. माझं मत, उशीर झाला नसता तर सँ-दनीचा ऑर्गन आज कुणाच्या लक्षात नसता.

उशिराची किंमतही होती. मोठं काम, पैसे अडकलेले, लहान कामांवर दिवस काढणं, ही सवय त्याला इथेच लागली असावी. पुढेही तो ठरल्यापेक्षा जास्त करत राहिला आणि हिशेबात मागे पडत राहिला. पाचशेच्या आसपास ऑर्गन बांधून १८९८ला कारखाना शार्ल म्युतँच्या हाती गेला, आणि पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १८९९ला, तो पॅरिसमधे वारला तेव्हा गाठीला फारसं काही नव्हतं.

बार्करचं पुढे काय झालं? तो पॅरिसमधेच दुसऱ्या एका ऑर्गन कारखान्याचा प्रमुख झाला. १८४४च्या डिसेंबरात सँ-तुस्ताश चर्चच्या अगदी नव्या ऑर्गनमधे काहीतरी दुरुस्तीला म्हणून तो आत शिरला. आत अंधार, हातात मेणबत्ती. ती पडली. त्या वर्षीच वाजू लागलेला तो ऑर्गन जळून गेला. पुढे त्याने विजेवर चालणाऱ्या यंत्रणेचेही प्रयोग केले, १८७०च्या युद्धात पॅरिस सोडून इंग्लंडला परतला आणि १८७९ला तिथेच गेला. सँ-दनीच्या ऑर्गनमधे त्याचे भाते अजून आहेत. ऑर्गनवाले फ्रेंचमधे त्या सगळ्या रचनेला 'मशीन बार्कर' म्हणतात.